धाब्यावर वाळत घातलेला पारा

मु. बोरखेडे, ता. अमळनेर, जिल्हा पूर्व खानदेश
वैशाख वद्य पंचमी, शके १८४५

तीर्थस्वरूप अक्कास, धाकटी यशोदा पायांवर डोकं ठेवते. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला गेला की अजून सगळा डोंगर जागा करतात? म्हैस व्याली का? हे सगळं मी विचारते आहे म्हणजे मी राग सोडला असं समजू नकोस. चार वर्षं झाली, तू एक कार्ड टाकलं नाहीस, मीही नाही. मी लहान आहे म्हणून आधी लिहिते, एवढंच. अक्षराला हसू नकोस. तिसरीतून बापानं काढलं तेव्हा तूच माझी पाटी भाकरीचं पीठ झाकायला घेतली होतीस.

तर आमच्याकडचं. यांचा पाय मोडला. (मास्तरांचा. दुसरा कुणाचा मोडणार, घरात दोनच माणसं.) आमच्या घराला लागून शाळेच्या आवारात ती पांढरी पेटी आहे ना, चार खांबांवर उभी, खिडकीच्या झडपांसारख्या भिंतींची, जिला तू कबुतरांचं खुराडं म्हणाली होतीस, तिच्यात हवेची उष्णता मोजायचा पारा असतो. रोज दुपारी तीनला स्टुलावर चढायचं, पारा बघायचा, वहीत आकडा लिहायचा आणि दर आठवड्याला सरकारी हवेच्या कचेरीला कार्ड टाकायचं. अकरा वर्षं यांनी एक दिवस चुकवला नाही. आपला बाप गेला त्या दिवशीसुद्धा मला गाडीत बसवून म्हणाले, तीन वाजले की मागून येतो. मी ते अजून विसरले नाही. चैत्रात स्टुलाचा पाय वाळवीनं खाल्लेला निघाला आणि हे खाली आले.

हाड आता जुळत आलं आहे, पण माणूस वितळतो आहे अक्का. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, अंगभर घामोळं, दोन घासांवर तिसरा जात नाही, डोळ्याला डोळा लागत नाही. वैद्यबुवा म्हणाले, याला आता औषध नाही, कुठंतरी थंड जागी पाऊस लागेपर्यंत न्या. तर हे म्हणतात, पेटी सोडून मी हलणार नाही, वहीत एक घर कोरं पडता कामा नये. मी म्हटलं, तुम्ही कोरे पडाल त्याचं काय? तर भिंतीकडे तोंड. पुरुषाची जात. म्हणून पारा बघायचं काम मी घेतलं, निदान पडून तरी राहतील म्हणून.

पहिले दहा दिवस मी शहाण्यासारखं पेटीत बघितलं. एकशे सहा, एकशे आठ. मग वर्षाच्या पापडांचे, आपल्या ज्वारीच्या बिबड्यांचे, दिवस आले. तुला सांगायला नको, पहाटे घाटा शिजवायचा, ओल्या धोतरावर एकेक पळी पसरायची आणि दिवसभर कावळे हाकत घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, बसायचं. आता मी धाब्यावर बसू की खाली येऊन स्टुलावर चढू? आणि खरं सांगू, मला त्या पेटीचा आधीपासूनच राग. ऊन मोजायचं आणि पाऱ्याला बसवायचं सावलीत, वर झडपा लावून, नव्या नवरीसारखं! उन्हाची ताकद उन्हात बसणाऱ्याला विचारावी, ओसरीवर ताक पिणाऱ्याला नाही. म्हणून मी पारा काढला, वर नेला आणि बिबड्यांच्या शेजारी धोतरावर निजवला. शेजारची सुंदरबाई तिच्या धाब्यावरून बघत होती. म्हणाली, "माय वं, बिबडासंगे पारा बी वाळी जाई ना!" मी म्हटलं, "वाळू दे, तळून खाऊ."

तीनला बघितलं तर एकशे अडतीस! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. अकरा वर्षं हा मेला सावलीत लपून बसला होता, मी एका दिवसात त्याच्याकडून खरं वदवून घेतलं. वहीत ठसठशीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकशे एकोणचाळीस, एकदा तर एकशे बेचाळीस.

हे खाली खाटेवर पडल्या पडल्या रोज हवेत हात उचलायचे, बोटं जराशी हलवायचे आणि म्हणायचे, आज एकशे नऊ असेल. मला वाटे, दुखण्यानं डोक्यावर परिणाम झाला, गरीब बिचाऱ्याचे तीस अंश कुठं सांडले. आजारी माणसाशी वाद नको म्हणून मी म्हणायची, हो हो, एकशे नऊच.

पण अक्का, एक गोष्ट तुला सांगते, कुणाला बोलू नकोस. ते बारा दिवस मला फार गोड गेले. मला, जिला उभ्यानं जेवायची सवय! दुपारी सगळं गाव दारं लावून पडतं, कुत्रीसुद्धा नाल्याच्या मोरीत शिरतात, आणि मी एकटी धाब्यावर, डोक्यावर ओलं लुगडं घेऊन. समोर कापसाची काळी रानं रिकामी पडलेली आणि त्यांच्यावर हवा हलते. दिसते गं, खरंच दिसते. वाळत घातलेलं मलमल वाऱ्यावर हलावं तशी, खालून वर, खालून वर. पलीकडची बाभळीची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसतात, पाणी तर नाहीच. वर घारी फिरतात, पंख म्हणून हलवत नाहीत, नुसत्या गोल गोल चढत जातात, कुणी खालून हळूच उचलत असावं तशा. बघता बघता मलाच वाटायचं, आपले पाय धाब्यावरून सुटले, आपणही चाललो वर. कावळ्यांनी तेवढ्यात दोन ओळी बिबडे खाल्ले ते वेगळं.

खाली येऊन मी यांना घारींचं सांगितलं. अकरा वर्षांत मी त्यांना हवेचं काही विचारलं नव्हतं, त्यांच्या तोंडावर कसं दिवाळीचं ऊन पडलं! म्हणाले, ऊन हवेला तापवत नाही, ते तिच्यातून निघून येतं, जसं तू चाळणीतून पीठ सोडतेस. तापते ती जमीन. मग जमीन तव्यासारखी आपल्या वरच्या हवेला तापवते, ती हलकी होते आणि उठते, घारी तिच्यावर बसून जातात. म्हणूनच भर बारापेक्षा तीनला उकाडा जास्त, बाराला चूल मोठी असते पण तवा अजून तापतच असतो. आणि सकाळचं ऊन कोवळं का, तर ते तिरपं येतं, पळीभर घाटा तू हातभर लांब पसरलास तर बिबडा पातळ होणारच. मग म्हणाले, आपल्या अंगावर हवेच्या गोधड्या आहेत, एकीवर एक, कोसच्या कोस. आपण तळाशी, जाड गोधडीत, तव्याला चिकटून. जसं वर जावं तशी गोधडी विरते आणि तवाही लांब राहतो.

हे ऐकलं आणि मला तू आठवलीस. का ते तुला कळलं असेल. कळलं नसेल तर खाली लिहिते, आधी फजिती ऐक.

तेराव्या दिवशी अमळनेर स्टेशनाहून टांगा आला. आत टोपी घातलेला एक तरुण तपासनीस, हातात माझी दोन कार्डं. शाळेत जाऊन त्यानं पेटी उघडली, तर पेटी रिकामी. तिथूनच ओरडला, पारा कुठं आहे? मी धाब्यावरून ओरडले, इथं आहे, वर या, जोडे खाली काढा, बिबडे आहेत. शिडी चढून आला बिचारा, घामानं निथळत, आणि बघतो तर सरकारी पारा धोतरावर आडवा, बाजूला ऐंशी बिबडे, आणि मी हातात काठी घेऊन. त्यानं वाकून पारा उचलला. मग हळूच म्हणाला, "बाई, हा हवेची उष्णता सांगतो. तुम्ही त्याला स्वतःची सांगायला लावली." मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाला, उन्हात तो स्वतःच तापतो, तुमच्या तव्यासारखा, मग हवा किती तापली ते त्याला कसं कळणार. सावली त्याच्यासाठी नाही, हवेला तिचं बोलू द्यावं म्हणून आहे. मी हातातली काठी खाली ठेवली. (हसू नकोस. आयुष्यात एकदा ठेवली.)

त्यानं पारा पेटीत लावला, निववला आणि तीनला बघितला. एकशे दहा. आम्ही घरात आलो तर यांनी खाटेवरून हात उचलला होता, बोटं हलवली आणि म्हणाले, आज एकशे दहा. तपासनीस दारातच थांबला आणि त्यानं टोपी काढली. मला मात्र भिंतीत शिरावंसं वाटलं. बारा दिवस हा माणूस खरं सांगत होता आणि मी त्याला वेडा समजून हो हो करत होते.

मी तिथंच सगळं कबूल केलं. तपासनीस म्हणाला, ते बारा आकडे खोडावे लागतील. मी म्हटलं, यांच्या बोटांचे आकडे लिहा ना. तर तो म्हणाला, माझा विश्वास आहे, कचेरीचा नाही. बारा घरं कोरी. जाताना पाच बिबडे मात्र खाऊन गेला.

हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले. मी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तर छताकडे बघत होते, तोंडावर राग नाही, काहीतरी लांबचं. म्हणाले, "अगं, आता कोरं पडलंच. बारा काय, बावन्न काय. पेटी कुठं पळत नाही, ऊनही पळत नाही." मग पाणी पिऊन, "तुझ्या अक्काकडे, डोंगरात, वैशाखात पहाटे खरंच गोधडी लागते का गं?"

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी
यशोदा

ता. क. चार वर्षांमागं तुझ्या कार्तिकीच्या लग्नात तू वऱ्हाडाला वैशाखात गोधड्या काढल्यास आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, डोंगर सूर्याच्या जवळ, तिथं थंडी कसली, ही मिरवते आहे. तू म्हणालीस, मास्तराच्या घरात राहून एवढं कळेना! आणि मी पुरणाच्या पानावरून उठले. तर तुझं खरं होतं. तवा खाली असतो. पुरण अजून आठवतं.

दुसरा ता. क. आम्ही येऊ का? पाऊस लागेपर्यंत. बैलगाडी सुंदरबाईच्या घरची आहे, धुळ्याला एक मुक्काम करू. यांना उत्तरेकडची ओसरी दे. शाळेचा जुना पारा हे बरोबर घेणारच आहेत, तो टांगायला सावलीतली खुंटी मोकळी कर, तिथले कांदे काढ.

तिसरा ता. क. यांनी काल हिशेब केला, तुमच्या उंचीला फार तर चार अंश उतरतील म्हणाले, आणि तेवढ्यावरच आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. तेव्हा अक्का, तुझ्याकडेही यंदा उकडत असलं तर मला कळवू नकोस. पारा काय सांगायचं ते सांगेल. आमची गाडी दिसली की तू मात्र गोधडी पांघरून ओसरीवर बस.