उजवीकडचा सांधा

प्रिय बारिमा,

तुला एक आजी होती, आठवतं का बघ. बुटकी, काळी, कुमासी शहरात सुआमे भागातल्या गॅरेजांच्या मागे राहणारी. हल्ली एका पायानं लंगडते, पूर्वी तुझ्यामागे मुसळ घेऊन धावायची. तीच ही. तीन वर्षांत तुझा शब्द नाही, म्हणून म्हटलं आपणच ओळख करून द्यावी. शाळेत जाताना तू चप्पल विसरायचास, एकदा तर सदराही विसरलास, पण आख्खी आजी विसरशील असं वाटलं नव्हतं. हे पत्र अफ्रियेबाई लिहून देताहेत. त्या निवृत्त मास्तरीण. त्यांच्या तोंडाला कुलूप आहे म्हणून मुद्दाम त्यांना धरलं. वरचा 'प्रिय' त्यांचा आहे. मी 'अरे गाढवा' सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात अडू आला होता, तुझ्याबरोबर आजोबांच्या हाताखाली शिकलेला. तेमाच्या बंदरात त्याला तू दिसलास म्हणे, माशांच्या पेट्या उचलताना. मी म्हटलं, बरं झालं, पोटभर मासे तरी खात असेल. मग तो म्हणाला, आजी, त्याला कुणी नुसतं बॉनेट उघड म्हटलं तरी तो हात खिशात घालतो. म्हणतो, ह्या हातांनी माझे आजोबा गेले. मी अडूला कंद कांडून केलेलं फुफू वाढलं आणि आत जाऊन बसले. त्यानं तीनदा कालवण मागितलं, तिन्ही वेळा मी आतूनच सांगितलं, तुझं तू घे.

तुला आजोबांची पद्धत आठवते ना? गाडी आली की ओपोकू फिटर आधी तिच्याशी बोलायचेच नाहीत. खाली बसून टायरवरून हात फिरवायचे. आतल्या कडेला झिजलाय की बाहेरच्या, ते बघायचे. मग मालकाला विचारायचे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं तर कुठल्या बाजूला ओढते? मालक म्हणायचा, मी कशाला सोडू स्टिअरिंग, मला पोरंबाळं आहेत! एका बाजूला ओढत असेल तर हवा नाहीतर ब्रेक, वेगात थरथरत असेल तर चाक, आणि दारू प्यायल्यासारखी इकडेतिकडे भटकत असेल, तर स्टिअरिंग आणि पुढच्या चाकांमधला सांधा. चाकं एका रेघेत आहेत का ते बघायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, मासे धरायची तंगूसची दोरी होती. त्या दोरीनं सरळ केलेल्या गाड्या अजून रस्त्यावर सरळ जाताहेत.

आणि शेवटी मला हाक. अगं ये, बस. मी आयुष्यात गाडी चालवली नाही, पण स्टिअरिंगमागे जेवढी मी बसले तेवढा एखादा ड्रायव्हर बसला नसेल. मी चाक जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे हलवत राहायचं आणि त्यांनी खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. माझ्या हातातली हालचाल त्यांच्या हातापर्यंत पोचताना वाटेत कुठे हरवते, तेवढंच शोधायचं. ते खालून विचारायचे, किती गं? मी सांगायचे, एक बोट. म्हणजे स्टिअरिंग एक बोट फिरेपर्यंत खालच्या चाकांना पत्ताच नाही. एक बोट चालतं. दोन बोटं झाली की गाडी हलवायची नाही, मग मालक सरदार असो की पाद्री. लोक हसायचे, म्हणायचे, फिटरची बायको न शिकता डॉक्टरीण झाली. मला अक्षर येत नाही, पण ढिला सांधा मी डोळे मिटून वाचते.

आता तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट. शेवटची दोन वर्षं त्यांचे तळहात बधिर झाले होते. गरम भांडं उचलायचे आणि भाजल्याचं वासावरून कळायचं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच, तू त्यांच्या हातांना देव मानायचास. खाली झोपून ते सांध्यावर हात ठेवायचे तो नुसता मान राखायला. खरं काम माझा हात करायचा आणि ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

तू आपल्या निळ्या गाडीचा डावा सांधा बदललास आणि म्हणालास, आजोबा, उजवाही बदलून टाकू. ते म्हणाले, उगाच कशाला, आजीच्या हाताला विचारू. मग तू ओबुआसीला कामावर गेलास. शनिवारी माझ्या बहिणीला मातीत ठेवायचं होतं, मांपोंगला. मांपोंगच्या घाटात गाडी रस्ता सोडून गेली; ते गेले, मी वाचले. तू त्यांच्या अंत्ययात्रेला आलास, चाळीसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत कोपऱ्यात उभा राहिलास, आणि कुणीतरी मागे पुटपुटलं, नवा सांधा पोरानं बसवला होता, तो सुटू नये म्हणून घालायची पिन विसरला असेल. तू नेहमीचा विसराळू, तुला ते लगेच पटलं.

अडूचं जेवण झाल्यावर मी त्याला उठवलं. ती निळी गाडी अजून शेडमागे आहे, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. त्याला म्हटलं, तू बस आत आणि चाक हलव. मी खाली झोपते. तो ओरडला, आजी, तुला परत उठवायला क्रेन लागेल! लागू दे म्हटलं. नेसूचा कपडा खोचला आणि शिरले खाली. तुझा डावा सांधा हातानं चाचपला, बारिमा. घट्ट आहे. नव्या दातासारखा. पिन जागेवर आहे आणि तिचे दोन पाय तू नेहमी वाकवायचास तसेच, एक वर, एक खाली. उजवीकडे हात नेला. तिथे सांध्याची नुसती वाटी आहे, आतला गोळा निसटून रिकामी, घासून गुळगुळीत झालेली. मी तिथेच पडून राहिले. अडूला वाटलं, माझी कंबर धरली.

आता अफ्रियेबाई, हे नीट लिहा आणि माझ्याकडे बघू नका. त्या शनिवारी सकाळी मी काळा कपडा नेसून तयार होते. त्यांनी हाक मारली, ये, बस. मी बसले, चाक हलवलं. दोन बोटं, वर थोडं अधिकच. खालून आवाज आला, किती गं? माझ्या बहिणीच्या सासरचे चाळीस वर्षं म्हणत आले होते, हिनं तेलकट हातांच्या माणसाशी लग्न केलं, ही मातीलासुद्धा दुसऱ्याच्या गाडीत दाटीवाटीनं येईल. मला त्या अंगणात आपल्या गाडीतून उतरायचं होतं. खरं सांगितलं असतं तर गाडी दिवसभर लाकडाच्या ठोकळ्यावर चढली असती. मी म्हटलं, अर्धं बोट. ते म्हणाले, तुझा हात म्हणतो ना, मग झालं. आणि हात पुसत बाहेर आले. घाटातल्या दुसऱ्या वळणावर त्यांनी चाक फिरवलं, ते पातेल्यावरच्या झाकणासारखं हलकं फिरलं, आणि रस्ता वळला, गाडी नाही वळली. तेव्हा त्यांनी रस्त्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही रे. रागानं पाहिलं असतं तर मी जगले असते.

लोक तुझ्याबद्दल पुटपुटत होते तेव्हा मी तिथेच बसले होते. ऐकत होते आणि गप्प राहिले. तू गेलास त्या सकाळी दारात उभी होते, तेव्हाही गप्प राहिले. म्हणून हे पत्र. तुझे हात स्वच्छ आहेत, खिशातून काढ. त्यांची दोरी खुंटीवर आहे, ती तुझी. मला उत्तर लिहू नकोस. मला वाचता येत नाही, आणि तुझं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा धीर नाही. अडू पुढच्या महिन्यात तेमाला येईल, त्याच्याबरोबर धुरी दिलेले मासे पाठव, टोपलीभर, पानांत गुंडाळून. माशांच्या डोक्यांवरून तू आणि आजोबा ताटावर भांडायचात, ते मी विसरले नाही. मला माफ करता आलं तर डोकी ठेवूनच पाठव. नाही जमलं तर डोकी काढून टाक. मला हाताला कळेल. डोकी नसली तरी शिजवीन मी ते, पण मासे पाठव.

तुझीच,
आजी