मेहुण्यांचं समुद्रगमन

बर्गन, धक्क्यावरच्या खाणावळीतून

तीर्थस्वरूप टोरस्टाइनदादास,

धाकट्या हेर्दिसचा नमस्कार. तोही उभ्यानेच, कारण बसायला मिळालेली खुर्ची ओली आहे. वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, लोकरीचा पट्टा बांध आणि निदान या आठवड्यात तरी बटाटे काढायला वाकू नकोस. आमची मेंढरं तुला त्रास देत नसतील अशी आशा आहे. (देत असतील तर कळवू नकोस. माझ्या प्रवासाची मजा जाते.)

आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे आता आहोत. मधे मी गावात आणि तुझे मेहुणे भर समुद्रात, अशी परिस्थिती होती.

तर झालं असं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एइविंडनी मला डोंगराखाली कधी कुठे नेलं नाही, हे तू जाणतोसच. त्यांना पाण्याचं भय. आंघोळीच्या टबातसुद्धा कड घट्ट धरून बसतात. तेव्हा बर्गनला यायचं ठरलं ते एका अटीवर: बंदर बघायचं, पण लांबून. पहिल्या दिवशी आम्ही अट पाळली. धक्क्यावरची ती जुनी लाकडी घरं पाहिली, एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून उभी असलेली. (एइविंडनी प्रत्येक भिंतीला हात लावून "ओळंब्यात नाही" असा शेरा मारला. शेकडो वर्षं उभ्या असलेल्या घरांना! म्हटलं, अहो, तुम्ही बसवलेलं गोठ्याचं दार आठवा जरा.)

दुसऱ्या दिवशी धक्क्याला तीन डोलकाठ्यांचं एक जुनं शिडाचं जहाज लागलं होतं, लोकांना बघायला खुलं. मला वाटलं हे नाही म्हणतील. पण हे म्हणाले, "दोरानं बांधलंय ना? मग तो धक्काच," आणि चढले की वर! मी तेवढ्यात दालचिनीचे पाव आणायला गेले. इकडे जहाजाची घंटा झाली, पाहुणे उतरले, दोर सुटले. एइविंड मात्र तळात कुठलीशी लाकडी कप्पी निरखत होते, आणि त्यांचा डावा कान तुला ठाऊकच आहे. (उजवाही आता त्याच्याच वळणावर गेलाय.)

मी परतते तर धक्का आणि जहाज यांच्यामध्ये चांगलं अंगणाएवढं पाणी! कठड्याशी तुझे मेहुणे, चेहरा पिठासारखा पांढरा. दोन्ही हात हलवत ओरडले, "अगं हेर्दिस, परतीची तिकिटं माझ्याकडे आहेत!" शेजारच्या परदेशी बाईला वाटलं, काही प्रेमाचं बोलले. तिने डोळे पुसले आणि मला मिठी मारली. मीही रडले, कारण तिकिटं खरंच त्यांच्याकडे होती.

बंदराच्या कचेरीत खिडकीशी बोरघिल्ड नावाची एक जाडजूड बाई बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "यजमान चुकून गेलेत की पळून?"

म्हटलं, "चुकूनच. पळायचं धैर्य असतं तर केव्हाच गेले असते."

"मग उद्या संध्याकाळी परत मिळतील," ती म्हणाली. "जहाज बेटांना वळसा घालून येतं. तोवर गाव बघा. एकटीने बघायला फार छान आहे हो."

दादा, खरं सांगते, आधी मी घाबरून अर्धी झाले. टबात कड धरणारा माणूस, लाटांवर त्याचं काय होईल? त्या भीतीच्या भरात दोन्ही पाव खाल्ले. मग पाऊस कोसळायला लागला (इथे तो थांबला की लोक आजारी पडत असावेत) आणि काय वाटलं कोण जाणे, छत्री मिटून तशीच चालत सुटले. दोरावर ओढतात त्या गाडीतून डोंगरावर गेले. मासळीबाजारात उभ्याने माशांचं सूप प्यायले आणि शेजारी कोणी "मीठ जास्त झालंय" म्हणालं नाही. धक्क्यावर एक म्हातारा अकॉर्डियन वाजवत होता, त्याच्यापुढे मी नाचले. होय, मी. रबरी बुटांसकट.

दुसऱ्या संध्याकाळी जहाज आलं. मी स्ट्रेचरची चौकशी करून ठेवली होती. आणि उतरले कोण? गाल लालबुंद, अंगाला डांबराचा वास, खलाशांबरोबर मोठमोठ्यांदा गाणं म्हणणारे एइविंड! ते कोपऱ्यात रडत बसलेले पाहून तिथल्या मुख्य खलाशिणीने म्हणे त्यांच्या हातात दोर कोंबला आणि दरडावलं, "आजोबा, भ्यायचं असेल तर ओढता ओढता भ्या!" ओढता ओढता भीती कुठेतरी बेटांमागे राहून गेली. मला पाहताच त्यांनी भर धक्क्यावर मिठी मारली. (लग्नात पाद्रीबाबांनी सांगितलं तेव्हासुद्धा या माणसाने लाजून नुसता माझा हात हलवला होता.) "हेर्दिस," म्हणाले, "फार घाबरलो होतो गं. आणि मग नव्हतो."

असो. बाकी सर्व क्षेम. वहिनीला नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझी, नखशिखांत भिजलेली,
हेर्दिस

ता. क. मेंढरं आणखी महिनाभर सांभाळशील ना? एइविंडनी त्याच जहाजावर समुद्रापलीकडच्या शेटलंड बेटांच्या सफरीला नाव घातलंय. दोर ओढायला.

दुसरा ता. क. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. म्हटलं, "जा तुम्ही, मी आगगाडीने घरी जाते." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जरा जास्तच लवकर वाळलं.

तिसरा ता. क. आमच्या घरी फोन करू नकोस, कोणी उचलणार नाही. त्या जहाजाला स्वयंपाकीण हवी होती. एइविंडना अजून पत्ता नाही. कळेल त्यांना उद्या दुपारी, ताटली पुढे करून वर बघितल्यावर.