यादीतल्या सात मेंढ्या

२४ मे, रविवार

प्रिय झुरा,

गुडघा सोडला तर मी बरी आहे. तांबड्या गाईला कालवड झाली. कुरुताचे दह्याचे गोळे वाळत घातलेत, तुझा वाटा वेगळा बांधून ठेवलाय. यंदा तू तो घेशील की नाही, माहीत नाही.

महिना झाला, तू आली नाहीस. लोकांनी तुला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. आता माझ्याकडून ऐक.

जानेवारीत वितळलेला बर्फ पुन्हा गोठला, मेंढ्यांना खुरांनी उकरून गवत लागेना, तेव्हा माझ्या एकतीस गेल्या. पंचनाम्याला दर मेलेल्या मेंढीचा डावा कान जमा करायचा होता. मला नऊच सापडल्या, बाकीच्या घळीत गाडल्या गेल्या. बर्फ सुटल्यावर गेले तर बावीसच्या बावीस होत्या आणि डावा कान एकीलाही नव्हता. मी तिथेच बसले. त्या कानांवरची खूण ह्यांनी केली होती, जाण्याआधीच्या शेवटच्या वसंतात. ह्यांच्या हातचं तेवढंच चालतंफिरतं उरलं होतं.

मग मदत आली. कुणाला किती, ते कळेना. सरकारी पत्रक मी दोनदा वाचलं होतं, यादी दहा दिवस गावात लावायची असते. ग्रामप्रमुख म्हणाला, "वहिनी, यादी म्हणजे काय लग्नाचं आमंत्रण आहे, गावभर दाखवायला?"

"तसंच समजा," म्हटलं. "पंगतीला कोण कोण बसलं ते कळू दे."

त्याने हसून चहा पाजला. मी तीन अर्ज केले. तिसऱ्यावर जिल्ह्याचा हुकूम आला आणि यादी गावच्या क्लबाच्या भिंतीवर लागली.

सगळं गाव जमलं. म्हातारा जुमाश म्हणाला, "कानिशाय, तूच वाच. आमच्या डोळ्यांना मेंढी दिसते, अक्षर नाही." चौथीत शाळा सुटलेली मी, मोठ्याने वाचत होते. ग्रामप्रमुखाच्या मेहुण्याच्या नावावर चाळीस मेलेल्या मेंढ्या आल्या, तेव्हा लोक हसले. त्याच्या दारात कोंबडीसुद्धा नाही.

माझ्या ओळीखाली कुबातची ओळ होती. एकोणतीस.

झुरा, तुझ्या नवऱ्याकडे पंधरा मेंढ्या होत्या हे मला माहीत, तुला माहीत. मी थांबले. ती ओळ गाळता आली असती, खाली कुणाला दिसत होतं? पण गाळली असती तर ग्रामप्रमुखात आणि माझ्यात फरक तो काय राहिला असता. मी वाचली. मग म्हटलं, कानांचं पोतं बाहेर आणा.

भर उन्हात लोकरीच्या नमद्यावर पोतं रिकामं केलं. मिठातले कान आखडले होते, खुणा मात्र स्पष्ट होत्या. मेहुण्याचा एकही कान निघाला नाही. शेंड्याला दोन चिरा, मध्ये भोक, अशी ह्यांची खूण एकतीस कानांवर निघाली: नऊ मी दिलेले, बावीस कुबातने. मेंढीबरोबर तिची खूणही मरते असं कुबातला वाटलं असावं. तो मागे उभा होता, टोपी हातात घेऊन.

जिल्ह्याचा कारकून त्याच्या नावावर काट मारायला निघाला. तुला हे कुणी सांगितलं नसणार, म्हणून लिहिते. मी त्याचा हात धरला. "थांबा," म्हटलं. "एकच तिरकी चीर असलेले सात कान उरलेत. ते कुबातचे आहेत. सात लिहा."

त्याने लिहिलं. ग्रामप्रमुखाचं पद गेलं, मेहुण्याचे पैसे परत आले, राहून गेलेली अकरा घरं यादीत आली. आता पलीकडच्या दोन गावांतले लोक त्यांच्या यादीसाठी अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. दोन वर्षांनी या घरात चहाचं मोठं भांडं पुन्हा चुलीवर चढलंय. हे असते तर खूप हसले असते.

नवी यादी अजून भिंतीवर आहे. ये आणि स्वतः वाच. तुला वाचायला मीच शिकवलंय, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नकोस. कुबातलाही आण. त्याच्या सात मेंढ्या खऱ्या होत्या, आणि त्या गेल्याचं दुःखही.

यादीत तुमच्याच वरच्या ओळीत असलेली,
तुझी ताई
कानिशाय