खांबाला लागला

केडगाव, शनिवार संध्याकाळ

एका गुणानं हरलो. टीव्हीवर शेवटची किक, आपली मेलबर्नची टीम दोन गुणांनी मागं, आणि बॉल गोलच्या खांबाला लागला. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलही अजबच. नेम चुकून खांबाला लागला तरी एक गुण देतात. आत गेला असता तर सहा मिळाले असते.

मघाशी मेलबर्नहून विजयचा फोन आला. पोरगा नुसता धुमसत होता. "पप्पा, समोरून मारायची होती हो! खांबाला लागतेच कशी?" मी म्हटलं, बाजूचा गडी मोकळा होता, त्याला का नाही दिला? अर्धा तास तेच. या वयात हा खेळ मी शिकलो कशाला? नाहीतर त्याच्याशी बोलायला माझ्याकडं दुसरं आहे तरी काय?

ही शेजारी बसून खुणा करत होती, नाताळचं विचारा म्हणून. मी पुन्हा खांबावरच. भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू. शेवटी हिनंच हातातून फोन ओढला. "बाळा, नाताळला येतोस ना?"

उत्तर ऐकायला हिनं फोन स्पीकरवर टाकला. मग म्हणाला, "बघू, मम्मी."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते त्याला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी सायकल मागितली की मी हेच म्हणायचो. सायकल कधी आली नाही.

फोन ठेवल्यावर ही म्हणते, "'न्हाई' तर म्हनला न्हाई ना?" आणि चक्क हसली.

खांबाला लागल्याचा एक गुण दुपारी आपल्यालाही मिळालाच होता.