दिवा तू लाव

८ फेब्रुवारी २००६
नाशिकहून परत. तिसरी नोकरी सुटली, म्हणजे सोडली. दार आईने उघडलं. एवढ्या थंडीत घामाने निथळत होती. पंखा पाचवर, बाबा स्वेटर घालून पेपर वाचतायत.
"घर आहे की बर्फाचा कारखाना?"
"मग जिन्यात जाऊन बसा," आई म्हणाली आणि रडायलाच लागली. मी बॅग घेऊन तसाच उभा. आजी गेली तेव्हा रडली होती, त्यानंतर आज.

१४ फेब्रु., मंगळ.
आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मंगळवारीच असतात. मी पडद्याबाहेर, पण सगळं ऐकू येतं. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं म्हणे. मला काय माहीत. बाई म्हणाल्या, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते, विसरायला होतं, हा आजार नाही. सुती कपडे घाला, चहा कमी, रोज चाला. मग हळू आवाजात, "पण आता डाग जरी दिसला तरी थांबायचं नाही. लगेच यायचं."
बाहेर आई, "काही ऐकलंस?"
नाही म्हटलं.

२० फेब्रु.
रोज सकाळी आईला खारी गावापर्यंत चालवतोय. मानेवर ओला पंचा. काल आमटीत मीठ दोनदा. "तुझ्यावर गेले रे मी, डोकं जाग्यावर नसतं." हसलो दोघं.

२ मार्च
संध्याकाळी आई म्हणाली, "देवापाशी दिवा तू लाव."
काडी हातातच राहिली. आमच्याकडे पाळीत बाई देवाला शिवत नाही. शाळेत होतो तेव्हा महिन्यातले चार दिवस दिवा माझ्याकडे असायचा. या वेळी आल्यापासून रोज तीच लावत होती. म्हणजे...
विचारू कसं?

३ मार्च
शेजारच्या जिग्नाबेन दारात. "अच्छा हुआ भाभी, गरमी निकल गई." आई खुशीत. दोन दिवस वाफा नाहीत, अंग गार वाटतंय. दोघींनी सब्जाचं पाणी घेतलं. 
त्या गेल्यावर बोललोच. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"
"म्हणजे ऐकलंस. मुलाने यात पडू नये."
"मंगळवारी चल."
"बघू."

७ मार्च, मंगळ.
नंबर लावायला सकाळी निघालो. स्टेशनला शाळेतला दिनेश भेटला. म्हणाला, खाडीवर तारोडीला मामाची होडी रंगवतायत, चल, अर्ध्या तासात येऊ. गेलो. माझं अक्षर बरं म्हणून नाव लिहायला मलाच बसवलं. परत आलो तर दवाखान्याला कुलूप.
घरी आई चांगली साडी नेसून बसलेली. बघू म्हणाली होती ना.
"बरं झालं. थांबलंय आता."
नखांत निळा रंग आहे. रॉकेलने पण जात नाही.

१३ मार्च
"दिवा तू लाव." पुन्हा.

१४ मार्च, मंगळ.
होळी. आई म्हणे, "आज कुठे? पुरण घालायचंय."
"दिव्याला शिवत नाहीस, नैवेद्याला कशी शिवणार? पुरण मी घालतो. तू चल."
तिने चपला घातल्या.
रिक्षात हात धरला, तिने सोडवला नाही. डॉक्टरीणबाई रागावतील वाटलं होतं. रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. गर्भपिशवीच्या आतला जरासा भाग काढून तपासायला पाठवलाय.
"कॅन्सर असेल?" मी विचारलं.
"पुढच्या मंगळवारी कळेल. आत्ताच काही धरून बसू नका."
पुरण करपलं. आई दारात उभी राहून सांगत होती, "ढवळ, इकडेतिकडे बघू नको." बाबांनी तसलंच दोनदा मागून खाल्लं.
दिवा मी लावला. थोड्या वेळाने आईला वाफ आली, पंखा पाचवर केला. बाबांनी स्वेटर चढवला. ज्योत विझायला आली, म्हणून देवापाशीच बसलोय, एक हात आडवा धरून. दुसऱ्या हाताने हे लिहितोय. खाली पोरं होळी रचतायत, दिनेश दोनदा हाक मारून गेला.
पंखा अजून पाचवरच आहे.