पाचव्या शीलापाशी

बाबा, तुमच्याशी भांडायचं म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा एकदाच काय ते तोंडावर बोललो. एरवी प्यालेला असलो की तुमच्या समोर यायचोच नाही, आणि न प्यालेले दिवस तेव्हा बोटावर मोजण्याइतके. आता मालेगावच्या दुकानात बसलो आहे, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं तेच आपलं दुकान. गव्हाला पाणी द्यायचे दिवस आहेत, त्यामुळे मोटारी पार रस्त्यापर्यंत मांडून ठेवल्यात, आणि मी तांब्याची तार बाजूला ठेवून हातात पेन धरलंय. गिऱ्हाईक येऊन शिव्या घालील. घालू दे.

तुमच्या नातीचं लग्न आहे पंधरा दिवसांवर. तुमच्या कडेवर बसून विहारात यायची ती आता अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे. मुलगाही तिकडचाच, शांत स्वभावाचा. लग्न मात्र मेडशीच्या विहारातच करायचं असं तिनं आधीच सांगून टाकलं, आणि त्याला कोणाची ना नव्हती. पण मागच्या रविवारी ती घरी आली, मेथी निवडत बसलेल्या आईजवळ टेकली आणि मला म्हणाली, "पप्पा, वंदना तुमीच घ्या." मी म्हटलं, "बौद्धाचार्याले सांगतलं न आपुन." "ते लग्न लावतीन. त्रिशरण-पंचशील तुमी द्या. आजोबा असते तं त्याइनच देल्लं असतं. मले दुसऱ्या कोनाच्या मांगं म्हनायचं नाई." बायकोचे हात थांबले, पण तिनं वर पाहिलं नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुढच्या रविवारी सांगतो म्हटलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पहिली चार शीलं मी कशीबशी देईन. खोटं न बोलण्याचं चौथं देतानाही जीभ जरा अडखळेलच, कारण पिणारा माणूस जेवढं खोटं बोलतो तेवढं दुसरं कोणी बोलत नसेल. पण ते निभेल. पाचव्याचं काय करू? नशेपासून दूर राहीन, असं मी पुढे उभं राहून म्हणायचं आणि अख्ख्या वस्तीनं माझ्या मागे म्हणायचं. त्यातल्या निम्म्या लोकांनी मला कधी ना कधी एसटीच्या थांब्यावरून उचलून घरी आणून टाकलेलं आहे. एकोणीस महिने झाले, मी घेतलेली नाही. व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने काढले, नंतर दर शनिवारी वाशिमला आमची बैठक असते, तिथं उभं राहून आपापले दिवस सांगायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या टाळ्या मला आवडतात, आणि घेताना चोरी केल्यासारखंही वाटतं. का ते पुढे सांगतो.

आधी त्या पौर्णिमेचं. मी पंचविशीचा आहे. तुम्ही घेऊन दिलेला पांढरा शर्ट घातलाय आणि विहारात मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलोय. दुपारी दोघा मित्रांबरोबर घेऊन आलोय, पण मला वाटतंय कोणाला कळत नाही. पिणाऱ्याचं एक खूळ असतं बाबा, तुम्हाला ते ठाऊकच होतं: पाचवं शील हळू म्हटलं तर लोकांना संशय येईल म्हणून तो ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो. आपल्या वस्तीत पाचव्याला ज्याचा आवाज चढतो त्याच्याकडे बायका अजूनही वळून बघतात. मीही विहार दणाणून सोडला. पुढे उभे राहून शील देणारे तुम्ही थांबलात. चष्मा काढून सदऱ्याला पुसलात. "पुन्हा म्हना," तुम्ही म्हणालात. सगळ्यांनी म्हटलं. "आनखी एकडाव." तिसऱ्या वेळी सगळा विहार म्हणत होता आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग कुठे तुम्ही पुढे सरकलात.

बाहेर चपला घालताना मी दातओठ खात म्हटलं, "एवढ्या लोकाइत माही इज्जत काढली तुमी." तुम्ही वाकून तुमची चप्पल शोधत होतात. "तुह्यासाठी नाई म्हनलं मी," तुम्ही म्हणालात, "माह्यासाठी म्हनलं." आणि माझी वाट न बघता घराकडे चालू लागलात. त्यानंतर आपण दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

वीस-बावीस वर्षं हे वाक्य मी चघळतोय. काय म्हणायचं होतं तुम्हाला? तुम्हीही कधी घेत होता का? केंद्रातून आल्यावर मायला विचारलं. ती भाकर थापत होती. "बाबा पेत होते काय वं कधी?" तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "तुह्या जन्माच्या आंधीचं मले काय इचारतं? मानूस चांगला होता." आता हे हो समजायचं की नाही? पुन्हा विचारलं तर म्हणाली, गरम आहे तोवर खाऊन घे. तिच्यापुढे कोणाचं चाललंय.

तुम्ही घेत असाल आणि सोडली असेल, तर मला सांगितलं का नाही? मी एकटाच नालायक निघालो असं समजत मी इतकी वर्षं काढली. तुमचाही हात कधी थरथरला होता एवढं कळलं असतं तरी मला सोबत झाली असती. आणि तुम्ही दारूला कधी शिवलाच नसाल, तर मग ते तुमच्यासाठी कसं? बाप म्हणून कमी पडलो, असं तुम्ही स्वतःला बजावत होता का? तसं असेल तर त्याचा मला जास्तच राग येतो, कारण तुम्ही कमी पडला नव्हता. दोन्हीकडून राग येतो आणि दोन्हीकडून रडू येतं, आणि यातलं कुठलं खरं ते काही कळत नाही.

हे रागाचं आणि रडण्याचं नवीनच सुरू झालंय. दारू सुटली की माणूस सुधारला, असं लोकांना वाटतं. इतकी वर्षं जे काही वाटायला हवं होतं ते आता एकदम वाटायला लागलंय, आणि ते कुठे ठेवायचं ते मला कोणी शिकवलं नाही. मागच्या महिन्यात इंझोरीकडचा एक म्हातारा मोटार नेताना "सुखी राह्य लेका" म्हणून गेला तर माझे डोळे भरून आले. त्याच दुपारी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी डबा भिरकावला. बायको पहिलं वर्षभर मी घरी आलो की कॉलर झटकायच्या निमित्तानं जवळ येऊन वास घ्यायची. मी चिडायचो, संशय घेते म्हणून. हल्ली ती येत नाही, तर मीच दारात उगाच रेंगाळतो. अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

आता त्या टाळ्यांचं. सोडून सात महिने झाले होते. त्या दिवशी दुःख काहीच नव्हतं. एक मोठी मोटार चार कारागिरांनी होणार नाही म्हणून परत केली होती, ती मी दोन दिवस खपून चालू करून दिली, आणि मालक सगळ्यांसमोर म्हणाला, असा कारागीर जिल्ह्यात नाही. मी इतका खूश झालो की पाय आपोआप दारूच्या दुकानाकडे वळले. अडवायला कोणी नव्हतं, मीही स्वतःला अडवलं नाही. दुकान बंद होतं. मतमोजणी होती त्या दिवशी, दारूविक्री बंद, माझ्या ध्यानातच नव्हतं. तिथल्या पायरीवर दहा मिनिटं बसलो आणि घरी आलो. उघडं असतं तर मी घेतली असती बाबा, यात मला काडीचीही शंका नाही. तरी तो दिवस मी बैठकीत न घेतलेला म्हणूनच सांगितला, आणि त्यालाही टाळ्या पडल्या. मग माझे एकोणीस महिने खरे की खोटे? केंद्रातल्या बाई म्हणतात, घेतली नाही म्हणजे नाही, झालं. मला ते पटतं, आणि पटतही नाही.

इथवर लिहून कागद खणात टाकला होता. आज सोमवार. काल पोरगी आली, आणि ओट्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं, त्या बंद दुकानाचंही. म्हटलं, "बाई, म्या सोडली का त्या मतमोजणीनं सोडवली, मलेच मालूम नाई. मी कोनत्या तोंडानं देऊ पाचवं?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. दवाखान्यात एखाद्याचा कागद वाचताना तिचा चेहरा असाच होत असेल. मग म्हणाली, "मंग पयले चार तुमी द्या. पाचवं मी म्हनीन. तुमी माह्या मांगं म्हना, सगळ्याइच्या संगं." मी म्हटलं, "लोक काय म्हनतीन? नवरी मुलगीच शील देऊन राह्यली?" ती म्हणाली, "म्हनू द्या. तुमाले म्हनता येते का नाई, एवढंच सांगा." मी हो म्हटलं. तिनं माझं ओझं उतरवलं की माझी जागा काढून घेतली, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तेव्हा मात्र फार हलकं वाटलं.

आज सकाळी अंघोळ झाल्यावर, घरात कोणी नाही बघून, चारही शीलं पुढे उभं राहून द्यायची तशी म्हणून पाहिली. मग पाचवंही म्हटलं. कुठेही न अडखळता पूर्ण म्हटलं गेलं, आवाजही चढला नाही. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. आणि त्या बरं वाटण्यातूनच इतकी तलफ आली की आपलं दुकान उघडलं तरी तारेला हात लावला नाही. बायकोला फोन केला, दुकानात येऊन बस म्हटलं. "काहून?" "असंच." ती मेडशीहून मिळेल त्या गाडीनं आली. तासभर झाला, समोर स्टुलावर बसली आहे. आत्ताच तिनं विचारलं, "कोनाले लिहून राह्यले?" मी म्हटलं, "बाबाले." तिनं स्टूल जरा जवळ ओढून घेतलं. मला प्यावंसं वाटतंय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.