खंजिरी कोणी काढली

अमरावती,
शुक्रवार, शाळा सुटल्यावर

प्रिय नागसेन,

पाकिटावरचं अक्षर पाहून ओळखलं असशीलच, आणि मनात म्हणाला असशील, ही बया आता कशाला उपटली! तू ग्रुप सोडलास त्याला वर्ष उलटून गेलं. फोन केला की कापतोस आणि मागाहून नुसता अंगठा पाठवतोस. कसा आहेस विचारलं, अंगठा. मोर्शीला येतोस का विचारलं, तरी अंगठा. मी बापडी त्याला होकार समजून दिवसभर वाट पाहत बसले. म्हणून म्हटलं, आता कागदावरच गाठावं या माणसाला. रजेचा अर्ज सोडला तर मी आजवर कोणाला काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाल. पण शेवटपर्यंत वाच. मधेच घडी करून ठेवलंस तर याद राख.

आधी वाईट बातमी सांगते. आपल्या लाडक्या ‘आंबिया बहार’ बँडच्या गाण्यांची यंदाची यादी ठरली आणि ‘उद्या सांगतो’ तीतून पडलं. इतकी वर्षं कधी तळाला, कधी मध्यावर, पण यादीत असायचंच; यंदा साफ गेलं. मीच मांडलं होतं, नेहमीसारखं. अकोल्याच्या बाजूने एक हात वर झाला नाही. मोर्शीला गोपालच्या शेडमध्ये, संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटांवर सगळी मंडळी बसलेली, आणि मी उभी. वर्गात गणित घातल्यावर पोरं जशी खाली बघतात ना, तसे तुझे अकोलेकर खाली बघत होते. गजेंद्र तेवढा म्हणाला की मी ‘कावून रुसली’ला हात दिला तर तो माझ्या गाण्याला देईल. सौदा करायला निघाला होता शहाणा! मी नाही म्हटलं आणि खाली बसले.

पलीकडच्या अनुमोदनाचा हा नियम काढला तेव्हा आपण किती हसलो होतो. बँडचा गाणारा मोर्शीचा आणि खंजिरी वाजवणारा तुमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातला, त्यामुळे बँड कोणाचा यावरून अमरावती आणि अकोला पहिल्या दिवसापासून भांडत आलेत. पुण्याच्या लोकांनी त्यांचा शोध आत्ता कुठे लावलाय. आपण कॉलेजात असल्यापासून त्यांच्यासाठी एकमेकांच्या उरावर बसतोय. शेवटी गोपाल वैतागला. त्याच्या आईने केलेले रोडगे थंड व्हायचे आणि आपलं भांडण काही संपायचं नाही. मग त्याने सांगून टाकलं की अमरावतीच्या माणसाने गाणं मांडलं तर अनुमोदन अकोल्याच्या माणसाने द्यायचं, अकोल्याने मांडलं तर अमरावतीने. ज्या गाण्याला पलीकडचा माणूस मिळणार नाही ते गाणं यादीत नाही. त्या वर्षी रोडगे गरम खाल्ले सगळ्यांनी.

आणि त्याच वर्षी तू पहिल्यांदा माझ्या नजरेत भरलास. मी ‘उद्या सांगतो’ मांडलं, कोणी बोलेना, तेव्हा मागून एक हात वर आला. तोंडात रोडगा तसाच. तो गिळून तू म्हणालास की गाणं रडकं आहे, गाणारा शब्द ओढतो, चाल कुठेच पोहोचत नाही. पण शेवटच्या कडव्यात खंजिरीच्या चकत्या अशा वाजतात की बाकी सगळं माफ, सबब अनुमोदन. असं अनुमोदन मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला इतका राग आला की परतीच्या गाडीत मी मैत्रिणीला, पायलला सोडून तुझ्या शेजारी येऊन बसले, भांडायला. अमरावती आलं तरी भांडण संपलं नव्हतं. मग दर वर्षी तेच. मी मांडायचं, तू शिव्या घालत हात वर करायचा. तू मला मास्तरीणबाई म्हणायचास आणि मी तुला मोजणीदार. जमीन मोजणीच्या नोकरीतल्या माणसाने गाण्यातही हद्दीखुणा शोधाव्यात हे मला तेव्हा फार विनोदी वाटायचं. कुठल्या गाण्यात कितव्या ओळीला खंजिरी येते, कुठे नुसता चामड्यावर ठोका आहे आणि कुठे चकत्यांची छनछन, तुला सगळं पाठ. तुझ्यासारखा कान आपल्या मंडळीत कोणाचा नव्हता, हे गजेंद्रसुद्धा कबूल करायचा.

म्हणून तर मागच्या वर्षीचं कोणाला समजलं नाही. नवी गाणी आली होती, गोपालने स्पीकर लावला, आणि तू मधेच उठून म्हणालास की यांनी खंजिरी काढली. नुसता ठोका ठेवलाय, छनछन काढून टाकली, पुण्याच्या लोकांसाठी गाणी गुळगुळीत केली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. छनछन तर होती. गोपालने पुन्हा लावलं, आवाज वाढवला. तू पुन्हा तेच, अगदी हातघाईवर येऊन. गजेंद्र म्हणाला, कान साफ करून ये. सगळे हसले, मीही हसले, तूही हसलास थोडासा. मग रात्री तू ग्रुपवर भलं मोठं लिहिलंस, खंजिरी कोणी काढली याचा जाब बँडला विचारला पाहिजे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुसून टाकलंस आणि ग्रुप सोडून गेलास.

मला वाटलं, हरला म्हणून रुसला. पुरुष माणूस, हसलेलं सोसलं नसेल. मीही तोऱ्यात राहिले महिनाभर. पण नागसेन, खरं सांगते, ते वर्ष मला फार जड गेलं. स्कूटीवर शाळेत जाताना कानात गाणं असायचं आणि मी मनातल्या मनात तुझं बोलणं ऐकायची, आता हा असं म्हणाला असता, आता तसं. पायल आहे, पण ती माझ्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणते. तिच्याशी काय बोलणार, भिंतीशी बोलल्यासारखं. यंदा मोर्शीला फाटकाशी मोटारसायकल वाजली की मान वळायची माझी. गोपालच्या आईने विचारलंसुद्धा, कोणाले पाहून राहिली वं बाई? मी म्हटलं, कोणाले नाही. शेडच्या मागे झाडांना फूल आलं होतं, वास इतका सुटला होता, आणि मला नुसतं रडू येत होतं. गाणं पडलं म्हणून रडते असं सगळ्यांना वाटलं. पायलने पाणी आणून दिलं.

मग पंधरवड्याने प्रशिक्षणासाठी अकोल्याला आले. दुपारी सुटका झाली तशी जुन्या शहरात गेले, आईला बांगड्या घ्यायच्या होत्या. खोटं कशाला बोलू, बांगड्या अमरावतीतही मिळतात. तुझी गल्ली शोधत होते. तू नाही भेटलास, तुझी बहीण भेटली. आकांक्षाने मला फोटोवरून ओळखलं, हात धरून घरात नेलं, चहा ठेवला, आणि तू कचेरीतून यायच्या आत सगळं सांगून टाकलं. तिच्यावर रागावू नकोस. कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्या रात्री मोर्शीहून परत येऊन तू जुनी गाणी लावत बसलास म्हणे. आधी तावातावाने, पुरावा म्हणून. एकातही छनछन नव्हती. मग आणखी जुनी. मग ‘उद्या सांगतो’चं शेवटचं कडवं. तिथेही नुसताच ठोका. तेव्हा तुला कळलं की खंजिरी कोणी काढलेली नाही. आकांक्षा म्हणाली, पहाटे ती उठली तर तू फोन कानाला लावून तसाच बसलेला होतास. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस कमजोर झाली आहे, बारीक आवाज आधी जातात, पुढे आणखी जातील. यंत्र घेतलंस, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे, कारण त्यातून गाणं टिनाच्या डब्यात कोंबल्यासारखं येतं. आणि माझे फोन का घेत नाहीस असं तिने विचारलं, तर तू तिला काय म्हणालास, तेही तिने सांगितलं.

“तिले माह्यासंग गाण्यावरून भांडाचं असते. आता मले गाणंच आयकू येत नाई, त ती माह्याजवळ कायले येईन?”

मी चहा अर्धा टाकून निघाले. मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत रडत होते. शेजारच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का? मी मान हलवून नाही म्हटलं, पण ती बाई उतरेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

घरी आल्यावर मात्र राग आला. असा राग आला म्हणून सांगू! बाजूच्या शेतवाल्याला नोटीस दिल्याशिवाय तुम्ही लोक साधं शेत मोजत नाही. आणि मला काय हवं, मी कशासाठी येते, किती येईन, कुठे थांबेन, हे सगळं तू एकट्याने घरात बसून ठरवून टाकलंस? मला विचारायचं होतंस. कावून नाही विचारलं? मी काय मेले होते?

विचारलं असतंस तर सांगितलं असतं, की ‘उद्या सांगतो’ मला तेवढं आवडतच नाही. रडकंच आहे ते, तू म्हणतोस तसं. पहिल्या वर्षी आवडायचं, मग उबग आला. माझं खरं आवडतं गाणं ‘कावून रुसली’. शपथ. स्वयंपाक करताना तेच लावते आणि कंबर हलवते, आईला विचार. गजेंद्रने तेच पुढे केलं तेव्हा हात वर करायला मला काही जड नव्हतं. पण मग ‘उद्या सांगतो’ला अनुमोदन गजेंद्रचं झालं असतं, आणि तुझ्या जागी दुसऱ्या कोणाचा हात मला बघायचा नव्हता. दर वर्षी मी ते रडकं गाणं मांडत आले ते तू उठावंस, चार शिव्या घालाव्यास आणि मग परतीच्या गाडीत आपण शेजारी बसावं म्हणून. गाणं कोणतंही चाललं असतं रे. भांडायला तर मला वांग्याची भाजीसुद्धा पुरते.

ऐकू कमी येतं म्हणतोस, तर माझा आवाज तुला माहीत आहे. शेवटच्या बाकावरचं झोपलेलं पोर उठतं. आमच्या शाळेत कानाने अधू असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांना मी विचारलं. समोर बसावं, तोंडावर उजेड असावा, एका वेळी एकाच माणसाने बोलावं आणि यंत्राची सवय हळूहळू करावी, घाई नको. गाण्यासाठी नाही, बोलण्यासाठी यंत्र चांगलं, असं त्या म्हणाल्या. एका वेळी एकाच माणसाने बोलणं मला जमेल, तो माणूस मी असले म्हणजे झालं. आणि बँडचं नवं गाणं आलं की त्यात छनछन कुठे आहे ते मी तुझ्या हातावर ठोकून दाखवीन. चुकीच्या जागी ठोकलं तर तू भांड. जुनं सगळं तुला पाठ आहेच, ते कोण काढून घेणार? पण तुला गाणं पूर्वीसारखं ऐकू येईल असं खोटं मी लिहिणार नाही. येणार नाही. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं, आणि तुझ्याजवळ बसून वाईट वाटून घ्यायचं आहे. इथे अमरावतीत एकटीने नाही.

बुधवारी मी घरी सांगितलं. आईने आधी तुझं आडनाव विचारलं, मग ती मामाकडून ओळख कशी काढायची त्याला लागली. बाबा पेपर वाचत होते. ते वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून पेपर खाली ठेवत नाहीत, त्या दिवशी ठेवला. म्हणाले, “त्याले आयकू येत नाई अन् तू चूप बसत नाई. निभते मंग तुमचं.” आणि पुन्हा पेपर उचलला, पण वाचत नव्हते, मी पाहिलं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं तुमच्याकडे येतोय, रीतसर विचारायला. आकांक्षाला माहीत आहे, तिने तुझ्या आईलाही सांगून ठेवलंय. घरात तुझ्यापासूनच लपवलंय, कारण तुला आधी मी सांगायचं होतं. नको असेल तर त्याआधी कळव, मी बाबांना थांबवीन आणि तुला पुन्हा त्रास देणार नाही. पण कारण कानाचं सांगू नकोस, ते मी धरणार नाही. हे सगळं मी तुझ्यासमोर उभी राहून बोलले असते, तर नीट ऐकू आलं नाही म्हणून तू मान फिरवली असतीस, आणि एवढी बडबडी असूनही ते दुसऱ्यांदा म्हणायचा धीर मला झाला नसता. म्हणून लिहिलं. मला तुझ्याशी लग्न करायचं आहे, नागसेन. आता तू वाचलंस.

तुझीच,
नीलम